पावणेचारची कोल्हापूर गाडी

"इथं पाणी पसरलंय, म्हणजे इथंच ते उथळ असणार," इंगवलेसाहेबांनी खाडीवर काठी रोखून निकाल दिला. "पाणी एक तर रुंद असतं, नाहीतर खोल असतं. दोन्ही एकदम नसतं. आपली पंचगंगा बघा."

आम्ही बारा जण पाटखाडीच्या काठावर उभे राहून मनातल्या मनात पंचगंगा बघू लागलो. दुपारचा सव्वा वाजला होता. ओहोटीनं पाणी ओसरत होतं आणि समोर चांगला दोनशे पावलांचा करडा, गुळगुळीत पट्टा उघडा पडला होता. त्यावर जेमतेम बोटभर पाणी चमकत होतं. पलीकडे माडांच्या मागून सुरंगबंदर गावाची कौलं दिसत होती. गावाच्या माथ्यावर एस.टी.चा थांबा होता, आणि तिथून पावणेचारला कोल्हापूर गाडी सुटायची. त्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आमच्या मंडळाचं नाव 'लाल डबा पायी मंडळ'. नियम एकच होता. एस.टी.नं जायचं, दिवसभर डोंगर नाहीतर किनारा तुडवायचा आणि एस.टी.नंच घरी यायचं. खासगी गाडीत पाय ठेवला की ती पायपीट बाद. त्या दिवशीची आमची शंभरावी होती, आणि आधीच्या नव्याण्णवांत एकदाही परतीची गाडी चुकली नव्हती. साहेब मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे 'नव्याण्णव' हा शब्द ते सात-बारा वाचावा तसा गंभीरपणे उच्चारायचे.

या नियमाला सुरुंग लावायला टपलेले एकच गृहस्थ होते, दिनकर सासने. बँकेतून सुटल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि त्यांना टेम्पो ट्रॅव्हलर हवी होती. मागच्या बैठकीत दोघांची जुंपली तेव्हा साहेब तावातावानं बोलून गेले होते, "शंभरावीला गाडी चुकली तर खुशाल करा तुमची ट्रॅव्हलर, मी मंडळ सोडतो." सासन्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आणि मी यशोदा. मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होते, वय सेहेचाळीस, मंडळातली सगळ्यात चालती बाई. त्या दिवशी मात्र मी टोपी भुवयांपर्यंत ओढून, काळा गॉगल लावून सगळ्यांच्या मागे उभी होते. कारण समोर दिसत होतं ते सुरंगबंदर म्हणजे माझं माहेर.

मंडळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "माहेर मालवणकडं, माडांची बाग आहे," एवढंच मी सांगितलं होतं. माड होते, नाही असं नाही. दोन होते. पण घर चालायचं ते खाडीतल्या कालवांवर. आई ओहोटीच्या वेळी खडकावर बसून लोखंडी टोकानं शिंपल्या फोडून आतली कालवं काढायची आणि ती पाटीत भरून एस.टी.नं तालुक्याच्या बाजारात न्यायची. वर्षातून एकदा मी एकटी येऊन तिला भेटून जायची. ती कोल्हापूरला कधीच आली नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही. शंभरावीची वाट सुरंगबंदरवरून जाते हे कळल्यावर मी डोकेदुखी काढून घरी राहायला हवं होतं. पण शंभरावी चुकवायची म्हणजे जिवावर आलं. खाली मान घालून गाव ओलांडू, गाडीत बसू, कोण ओळखतंय, असा हिशेब मी केला होता.

त्यात घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं. साहेब ज्या पट्ट्यावर काठी रोखून उभे होते त्याला आमच्या गावात 'म्हशीबुड' म्हणतात. कुणाची तरी म्हैस तिथं उतरली ती पुन्हा वर आली नाही. नदीत पाणी पसरलं की उथळ होतं हे घाटावरच्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. खाडीत पाणी पसरलं की खाली गाळ असतो हे ठाऊक असायला खाडीतच जन्मावं लागतं.

"साहेब," मी हळूच म्हणाले, "कुणाला तरी विचारून बघू या का?"

"यशोदाताई, एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या."

"ही जमीन नाही ना."

"म्हणूनच तर सोपं आहे," ते म्हणाले आणि उतरले.

त्या वेळी मला ओरडता आलं असतं. 'थांबा, माझा जन्म इथला आहे,' एवढं एक वाक्य पुरे होतं. ते घशापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. अठरा वर्षं झाली तरी त्याची लाज वाटते, ती लपवण्यात अर्थ नाही.

दहा पावलं घोट्याएवढं होतं. साहेब मागे वळून विजयानं हसले. पंधराव्या पावलाला गुडघा गेला. अठराव्याला साहेब मांडीपर्यंत आत होते आणि पाय उपसायला जावं तसे आणखी खाली चालले होते. त्यांच्या मागे उतरलेले बाकीचे घोट्याएवढ्या गाळातून धडपडत काठाला परतले.

"काय वं साहेब," सासन्यांनी काठावरून विचारलं, "उथळ हाय न्हवं?"

पण पुढच्याच मिनिटाला त्यांचाही चेहरा उतरला. साहेब कमरेपर्यंत गेले होते. त्यांनी काठी आडवी टाकली तर काठीही बुडायला लागली. पाणी लवकरच उलटं फिरणार होतं, भरती लागणार होती. मोबाइलला रेंज नव्हती. खाली खाडीच्या मुखाच्या बाजूला खडकांची काळी लांब रांग होती आणि तिच्यावर चार-पाच बायका वाकून काम करत होत्या. आमची मंडळी त्यांच्याकडे बघून "ओ मावशी, ओ बाई" करून ओरडायला लागली. त्यांतल्या एकीनं मान वर केली, सहलीचे लोक हात हलवतायत असं समजून स्वतःही हात हलवला आणि पुन्हा कामाला लागली.

काठाकडून दुसरी होती तिच्याकडे मी मघापासून बघायचं टाळत होते. काष्टा मारलेलं कुंकवाच्या रंगाचं लुगडं, आणि एक हात पाठीवर ठेवून वाकायची सवय. अडुसष्ट वर्षांच्या त्या पाठीला मी शंभर पाठींत ओळखलं असतं.

साहेब एव्हाना ओरडायचेही थांबले होते. ते नुसते आमच्याकडे बघत होते. मी गॉगल काढला, टोपी काढली आणि पोटातून हाक घातली.

"आये गोऽऽ! म्हशीबुडात माणूस रुतलो!"

कोल्हापुरात एकोणतीस वर्षं मी हळू आवाजात, शुद्ध बोलत आले होते. शाळेच्या वाचनालयात तर बोटानंच गप्प करायची सवय. त्यामुळे अकरा माणसं एकदम माझ्याकडे वळली ती खाडीपेक्षा माझ्या आवाजाला घाबरून. खडकावरची पाठ सरळ झाली. तिनं कपाळावर आडवा हात धरला, एकदाच बघितलं, आणि खडकाला बांधलेल्या होडीतली फळी उपसून ती आमच्याकडे निघाली. ती सरळ आली नाही. लांबून वळसा घालून, कडेकडेनं, पायाखाली फरशी असावी तशी चालत आली.

ती माझ्यापाशी आली. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि ती साहेबांकडे वळली.

"हलू नको रे बापया. जितको हलशीत तितको खाली जाशीत. पोटार पड."

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पोटावर आडवे व्हा म्हणतेय," मी सांगितलं.

"इथं? झोपू?"

"झोपा साहेब," सासने म्हणाले, "आज रविवारच हाय."

आईनं फळी गाळावर सरकवली आणि तिच्यावर पोटानं पुढे जाऊन साहेबांच्या छातीखाली तिचं टोक दिलं. दोर हवा होता. आमच्याकडे दोर नव्हता, पण शंभराव्या पायपिटीसाठी मुद्दाम शिवून घेतलेला कापडी फलक होता, आठ हात लांब. त्याचा पीळ करून आम्ही एक टोक साहेबांच्या काखेत अडकवलं आणि दुसरं दहा जणांनी धरलं. आई पाय मोकळे करायला सांगत होती, मी तिचं मालवणी कोल्हापुरीत करून साहेबांना पोचवत होते, आणि साहेब आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकत होते. अर्ध्या तासानं गाळानं मोठा आवाज करून त्यांना सोडलं. बूट मात्र आपल्याकडे ठेवून घेतले.

घड्याळात सव्वादोन झाले होते.

"आज दशमी," तिथीवरून भरतीची वेळ मांडत आई म्हणाली. "पाणी फिरला. आता खडपावरसून चला, माज्या पाटसून. मी पाय ठेवतंय थयच पाय ठेवा."

ती काळी खडकांची रांग हीच खाडी ओलांडायची खरी वाट होती. पाणी तिथं अरुंद आणि खळखळतं असल्यामुळे साहेबांनी ती नकाशावर फुली मारून बाद केली होती. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्या सुरीसारख्या असतात आणि साहेब अनवाणी होते. आईनं फलक हातात घेतला, दातांनी कड तोडून त्याचे दोन भाग केले आणि त्यांच्या पायांना गुंडाळून बांधले. उजव्या पायावर 'लाल डबा' आलं, डाव्यावर 'पायी मंडळ'.

रांगेत आई पुढे, मी शेवटी. पायाखाली कुठला दगड हलतो, कुठल्या खाचेत पाणी आधी भरतं, हे मला आठवावं लागलं नाही. पायांना ठाऊक होतं. मी मागून "डावीकडे", "आता लांब टाका" असं सांगत होते आणि लोक निमूट ऐकत होते.

मधेच साहेब थांबले. "या तुमच्या आई?"

"हो."

"म्हणजे ही जागा तुम्हाला माहीत होती."

"हो."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"पुढे बघा, तो दगड हलतो," मी म्हटलं. उत्तर होतं, पण ते गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

मी सतरा वर्षांची असताना कॉलेजसाठी पहिल्यांदा कोल्हापूरला निघाले ती याच पावणेचारच्या गाडीनं. आई बाजारासाठी तालुक्यापर्यंत बरोबर होती. ट्रंक घेऊन मी पुढे बसले. गाडीत आधीच कोल्हापूरच्या तीन मुली होत्या, सहलीवरून परतणाऱ्या, गोऱ्या-गोमट्या. त्यांनी मला जागा दिली, नाव विचारलं, कॉलेज विचारलं. मला आकाश ठेंगणं झालं. आई मागे दोन सीट सोडून, पाटी पायांशी घेऊन बसली होती. गाडी सुटली आणि पाटीतलं पाणी ओघळत पुढे आलं. मुलींनी नाकाला रुमाल लावले. कंडक्टर उठला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "ही पाटी कुणाची?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला काही मोठं नको होतं. लेक म्हणेल, असू दे हो, आमची आहे, तालुक्यापर्यंतच आहे. मी खिडकीबाहेर बघू लागले. शेजारची मुलगी म्हणाली, "काय बाई हे लोक," आणि मी हसले. मी हसले.

"माजी," आई म्हणाली. पुढच्या थांब्यावर ती पाटी डोक्यावर घेऊन उतरली आणि दोन कोस मागे चालत गेली. त्यानंतर तिनं त्या गोष्टीचा उच्चार कधी केला नाही. मीही केला नाही. दोघीही ती विसरलो आहोत असं आम्ही एकोणतीस वर्षं एकमेकींना दाखवत होतो.

शेवटचा खडक सोडून वाळूला लागलो तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मागे आमची वाट पाण्याखाली जाऊ लागली होती. वर गावात जायला पाखाडी होती, चढत गेलेल्या चिऱ्याच्या एकशे ऐंशी पायऱ्या. साहेब फलकाच्या पायांनी लंगडत होते, मंडळातल्या दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि सासन्यांचे गुडघे तर बोलायलाच लागले होते.

"सुटली गाडी," सासने पहिल्याच पायरीवर बसून म्हणाले. त्यांनी मोबाइल उंच धरला. "वर रेंज आली की ट्रॅव्हलरवाल्याला फोन लावतो. वही हाय माझ्याकडं, साहेब."

साहेबांनी पायावरची फलकाची गाठ पुन्हा आवळली. त्यांनी काठी गाळात हरवली होती, नाहीतर निदान ती तरी आपटली असती. सत्तरीच्या त्या हटवादी माणसाचा चेहरा बघून मला गलबलून आलं. त्याला या दशेला मी आणलं होतं, माझ्या एका गिळलेल्या वाक्यानं.

आईनं खडकावरून आणलेली भरली पाटी डोक्यावर चढवली. तिनं मला विचारलं, "तुमका हीच गाडी होई मा?"

"हीच. पण नाय गावाची आता, चुकली ती."

"तुमी येवा सावकाश," ती म्हणाली. "गाडी मी धरतंय."

"गाडी काय म्हस हाय व्हय धरायला?" सासने पुटपुटले. पण आई तोवर दहा पायऱ्या चढून गेली होती.

आम्ही निम्म्यात असताना वरून पहिला हॉर्न ऐकू आला. म्हणजे ड्रायव्हर चहा पिऊन जागेवर बसला होता. मी साहेबांना काखेतून धरलं होतं. पावणेचार झाले. दुसरा हॉर्न झाला. पावणेचार उलटून पाच मिनिटं झाली, आठ झाली. इंजिनाचा आवाज येत होता, पण तो लांब जात नव्हता. मग तिसरा हॉर्न झाला, लांबच लांब, वैतागलेला. सासने एकाएकी उठले आणि दोन-दोन पायऱ्या चढायला लागले. त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

चार वाजता आम्ही माथ्यावर पोचलो.

लाल गाडी उभी होती, धडधडत. खिडक्याखिडक्यांतून माणसं माना काढून दाराकडे बघत होती. दारातल्या पहिल्या पायरीवर आईची पाटी होती, पाणी गळत असलेली. दुसऱ्या पायरीवर आई होती, देवळाच्या पायरीवर बसावं तशी निवांत. तिच्यासमोर एक तरुण कंडक्टर लाल चेहऱ्यानं उभा होता.

"तुम्हीच का ते?" तो आमच्यावर उसळला. "पंधरा मिनिटं झाली. आज्जी उठत नाहीत, पाटीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, पाटी माझी नाहीच. जिची आहे ती येतेय, तिलाच विचारा." त्यानं आम्हा बारा जणांकडे बघितलं. कमरेपर्यंत गाळ, अंगावर शेवाळ, एकाच्या पायांवर अक्षरं. "आता बोला एकदाचं. ही पाटी कुणाची?"

तेच शब्द होते, तीच पावणेचारची गाडी होती. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, तशीच, एकोणतीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तशी. रागानं नाही. तिनं गाडी धरली होती ती मंडळासाठी, हे खरंच. पण पाटी तिनं माझ्यासाठी ठेवली होती. या वेळी बघायला समोर खिडकी नव्हती, आणि असती तरी मी बघितलं नसतं.

"माझी," मी म्हटलं.

इंजिनाच्या आवाजात ते बुडालं. "कुणाची?"

"माझी," मी मघाच्या खाडीतल्या आवाजात म्हटलं. गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत गेलं ते. "पाटी माझी आहे. ही माझी आई आहे. या खडकांवर कालवं काढून तिनं मला शिकवलं. आणि तुमची गाडी तिनं थांबवली, कारण आज तिनं या साहेबांचा जीव वाचवलाय."

खिडक्यांतल्या माना आता माझ्याकडे वळल्या. मग कंडक्टर जरा नरमून म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण पाटी टपावर टाकावी लागेल. वासाची तक्रार होते."

"टपावर जाणार नाही. माझ्या मांडीवर बसेल."

"पाटी टपावर गेली," इंगवलेसाहेब फलकाचे पाय आपटत पुढे झाले, "तर आम्ही बारा जणही टपावर बसू."

"आन् वासाचं म्हणाल," सासने म्हणाले, "तर आमच्याजवळ या जरा. पाटी अत्तर वाटंल तुम्हाला."

पहिल्यांदा ड्रायव्हर हसला, मग खिडक्या हसल्या. कंडक्टरनं तोंड फिरवून हसू लपवलं आणि घंटीची दोरी धरली. आई उठली. मी वाकून पाटीखाली हात घातले आणि ती उचलली. कितीतरी वर्षांनी उचलली. जड होती. खारट गार पाणी कोपरांपर्यंत ओघळलं आणि मला इतका आनंद झाला की रडू आलं, ते मी पुसलंही नाही.

आईला मी पुढच्या सीटवर खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसून पाटी मांडीवर घेतली. गाडी सुटली. मागे साहेबांनी खिशातून ओली वही काढून तिच्यात 'शंभर' असा आकडा लिहिला आणि सासन्यांपुढे धरला. सासन्यांनी आपल्या वहीतलं ते पान फाडून खिडकीबाहेर सोडलं.

कंडक्टर तिकिटं काढत आला. "आज्जी, तुमचं नेहमीसारखं तालुका ना?"

"होय," आई म्हणाली.

"आमचे बारा कोल्हापूर," मागून साहेबांनी आवाज दिला.

"तेरा," मी म्हटलं.

आई दचकून वळली. "गो येसू, खुळी झालंस काय? माज्या कोंबड्यांचा काय?"

"मी सांजचा परत येतंय मा, कोंडतंय गो तुज्यो कोंबड्यो, जा तू," मागच्या सीटवरून गावातली कुणी बाई म्हणाली. तिलाही सगळं ऐकू गेलेलं दिसत होतं.

"आणि कालवां?"

"आमच्या घरी शिजतील. सगळ्या मंडळाला जेवायला बोलावते."

कंडक्टरनं तेरा तिकिटं टरटर फाडली. आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. जिथं ती उतरून मागे चालत गेली होती तो थांबा आला आणि मागे पडला, गाडी तिथं थांबलीही नाही. मग तिनं माझ्या मांडीकडे बघितलं.

"पाटी खाली ठेव," ती म्हणाली. "कापडां भिजतली."

"भिजूदेत," मी म्हटलं.